चार जुनी, चार आमची

रविवार, ७ ऑगस्ट १९८३

रेकॉर्ड ठरली. फोर्टातल्या कंपनीचा माणूस काल एकदाचा हो म्हणाला. बारा इंची, दोन बाजू, आठ तुकडे. त्याचं म्हणणं होतं, आठही जुनी अमेरिकन गाणीच घ्या, लोक ओळखीचंच ऐकतात. मी म्हटलं, ती आम्ही हॉटेलात वाजवतोच, रेकॉर्डवर आमचं काही नको का? तासभर हुज्जत घातली तेव्हा कुठे चार जुनी, चार आमची यावर आला. या हट्टाचं श्रेय मला कोणी देणार नाही, म्हणून ही वही आणली आहे.

आमचं म्हणजे तिघांचं. मी गिटार, जयप्रकाश ड्रम, भगवान डबल बेस, म्हणजे ते माणसाएवढं उभं तंतुवाद्य. जयप्रकाश विमा कंपनीत आहे, आमच्याच सोसायटीत, समोरच्या बिल्डिंगमध्ये. भगवान हिवाळे माझ्याच कारखान्यातला. मी टाइम ऑफिसात हजेरी बघतो, तो सेल हाऊसमध्ये, म्हणजे जिथे पाऱ्यावरून मिठाचं पाणी सोडून कॉस्टिक सोडा काढतात तिथे, ऑपरेटर. मूळचा जालन्याकडचा. त्याचे वडील लग्नाच्या बँडमध्ये ते अंगाभोवती गुंडाळायचं मोठं पितळी वाद्य वाजवायचे. भायखळ्याच्या एका म्हाताऱ्या गोवेकर वादकाकडे हा बेस शिकला आणि म्हातारा गावी परत गेला तेव्हा त्याचाच बेस विकत घेतला. नोटेशन वाचता येत नाही, पण एकदा ऐकलं की बोटांत बसतं. त्याला मीच शोधून काढला, कंपनीच्या स्नेहसंमेलनात. नाहीतर अजून बोनकोड्याच्या त्या खोलीत एकटाच वाजवत बसला असता.

आज शाळेच्या वर्गात सराव झाला. आमच्या चारांपैकी ‘पाळी’ सगळ्यात चांगली होणार. तिची खालची, बेसची ओळ भगवानला कारखान्यातली पाळी सुटल्यावर चालत येताना सुचली होती, मी तिच्यावर चाल बसवली. कव्हरवर संगीत म्हणून माझं नाव राहील. चाल माझी आहे.

रविवार, २८ ऑगस्ट

आज भगवानने वैताग आणला. बेस सारखा तालाच्या मागे. दोनदा हातातून बो, म्हणजे तारांवर फिरवायचा गज, पडला. तिसऱ्यांदा पडल्यावर त्याने आमच्याकडे पाठ केली आणि फळ्याकडे तोंड करून वाजवायला लागला. मी म्हटलं, “अरे, आमच्याकडे बघ, इशारा कसा देऊ तुला?” तर म्हणाला, “भाऊ, कुणी बघत असलं की हात ऐकंना माझा.” सहा वर्षं हॉटेलात शंभर माणसांसमोर वाजवलं तेव्हा ऐकत होता हात.

दोन वेळा बाहेर जाऊन थुंकून आला. तोंडात लवंग. सकाळी अकरा वाजता लवंग कोण चघळतं? मला कळत नाही असं त्याला वाटतं.

घरी बायकोला, वैजयंतीला सांगितलं. ती सरावाच्या वेळी चहा घेऊन आली होती. म्हणाली, “मी त्याच्या हातात कप दिला की. मला काही वास नाही आला.” तिला सगळे देवमाणूस दिसतात. म्हणूनच पिणारे लवंग खातात, हे तिला कोण सांगणार.

बुधवार, १४ सप्टेंबर

सकाळच्या पाळीच्या मस्टरवर भगवानची सही बघितली. सही कसली, मुंगी शाईत बुडवून कागदावर सोडली तर असं होईल. मी हाक मारून म्हटलं, “ही तुझी सही?” तर एवढा भडकला की रांगेतले सगळे बघायला लागले. “माझीच हाय, दुसऱ्या कुणाची असंल? पटत नसंल तर गैरहजेरी मांडा!” ज्या माणसाने सहा वर्षांत आवाज चढवला नाही, तो हा. मग स्वतःच गडबडला, “चुकलो साहेब” म्हणाला आणि डोळे पुसत आत गेला.

कंपनीत तो मला साहेब म्हणतो, सरावाला भाऊ. त्याचं त्यानेच ठरवलंय.

रविवार, २ ऑक्टोबर

सरावाला आलाच नाही म्हणून मी आणि जयप्रकाश बोनकोड्याला गेलो. त्याची घरमालकीण शेवंताबाई ओट्यावर सुकट निवडत बसली होती. म्हणाली, “घरान हाय तो. पन बोलनार नाय. आजकाल कोनाशीच बोलत नाय.”

खरंच बोलला नाही. भिंतीकडे बघत बसला. गिरजाने, त्याच्या बायकोने, आम्हाला कपात चहा दिला आणि त्याला पितळी लोट्यात, अगदी तळाशी घोटभर. तो दोन्ही हातांनी तोंडाशी नेताना दात लोट्यावर कडकड वाजले. ती म्हणाली, “झोप नाही यांना. हिरड्यांतून रक्त येतंय. तोंडात लोखंड धरल्यावानी चव लागती म्हणतात. कंपनीच्या डॉक्टरनी ताकदीच्या गोळ्या दिल्यात.” मी कप खाली ठेवून उठलो. बायकोच झाकत असेल तर बोलायचं काय?

पायऱ्या उतरताना जयप्रकाश म्हणाला, “नंद्या, हा आजारी आहे.” मी म्हटलं, “माझा मामा असाच आजारी होता. तीन वर्षांत संपला. बाटल्या गादीखाली सापडल्या.”

रविवार, १३ नोव्हेंबर

ताडदेवला रेकॉर्डिंग. हे पान लिहायची इच्छा नाही, पण लिहितो.

जुनी चार कशीबशी झाली. दोनांत भगवानने खूप चांगलं वाजवलं, ते कबूल केलं पाहिजे. मग ‘पाळी’ घेतली. त्याची स्वतःची ओळ, स्वतः बांधलेली, आणि मध्येच विसरला. थांबलो. परत सुरू केलं, परत त्याच जागी. सात वेळा. आठव्यांदा त्याचा हात तारेवर असा थरथरायला लागला की बेसमधून घुर्रर्र असा आवाज आला. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट हसला. हसला तो, आणि तोल माझा गेला.

मी म्हणालो, “पिऊनच यायचं असेल तर लग्नाच्या बँडमध्ये जा, बापासारखा. तिथे चालतं.”

जयप्रकाशने काठ्या मांडीवर ठेवल्या. भगवानने खिशातून फडकं काढलं आणि बेसच्या तारा, मग लाकूड, सावकाश पुसत राहिला. फडकं खाली ठेवून म्हणाला, “घ्या परत.” नवव्यांदा पूर्ण झालं. उरलेली तीनही झाली. बेस सगळीकडे किंचित मागे, पण झालं.

परतताना टेम्पोत तो मागे बेसला धरून बसला. मी पुढे.

रविवार, २० नोव्हेंबर

टेप ऐकल्या. आमच्या चारांत बेस पाय घासत चालणाऱ्या माणसासारखा वाटतो. रेकॉर्डिस्ट म्हणाला, बेस वेगळ्या ट्रॅकवर आहे, तेवढाच नवा घेता येईल. सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवणारा सुधीर म्हणून एक आहे, तो आज आला. पस्तिशीचा, अबोल. कागद वाचून आठही तुकडे एका दुपारी वाजवून मोकळा झाला. आठही अशासाठी की नाहीतर चारांत एक बेस आणि चारांत दुसरा असं कळून आलं असतं.

नवं त्याच ट्रॅकवर घेतल्यामुळे भगवानचं आपोआप पुसलं गेलं.

जयप्रकाश म्हणाला, “त्याला सांगितलंस?”

“सांगेन.”

“नंद्या, त्याचा बेस मागे होता, पण त्यात माणूस होता रे. हा घड्याळ आहे.”

“रेकॉर्डवर घड्याळच लागतं,” मी म्हटलं. बरोबरच बोललो असं अजून वाटतंय.

गुरुवार, ८ डिसेंबर

पर्सोनेल ऑफिसरने बोलावलं. भगवानने सेल हाऊसमध्ये एक व्हॉल्व्ह उघडा टाकला होता. कोणाला लागलं नाही, पण चौकशी निघाली. साहेबांनी चहा मागवला. म्हणाले, “तुम्ही त्याच्या जवळचे. तुमच्यासोबत वाजवतो म्हणे. पितो का?”

मी म्हटलं, “मी प्रत्यक्ष बघितलेलं नाही.”

“पण तुम्हाला काय वाटतं?”

मला जे वाटत होतं ते मी सांगितलं. त्यांनी ते टाइप करून आणलं. कागदावर ‘वाटतं’ हा शब्द नव्हता. ‘सदर कामगार मद्यपानाच्या सवयीचा असल्याचे मला माहीत आहे.’ मी एकदा वाचलं, चहा संपवला आणि सही केली. माझी सही चांगली येते.

सोमवार, २ जानेवारी १९८४

भगवानला काढलं. कामावर नशेत असण्याचं कारण. भरपाई नाही, काही नाही. मला खिडकीतून दिसला. गेटवर बिल्ला परत देताना त्याच्या हातून तो तीनदा पडला आणि वॉचमनने उचलून घेतला. माझ्याकडे बघितलं नाही. कागद कोणी दिला ते त्याला माहीत नसावं.

रेकॉर्डचं कव्हर छापून आलं. फोटोत आम्ही तिघे खाडीच्या कडेला, भगवान मध्ये. खाली तिघांची नावं. मी कंपनीला म्हटलं, बेसवाला बदललाय. ते म्हणाले, आता कव्हर कुठे परत छापता, आणि सुधीरला नावाची सवय नाही, त्याने कधी मागितलेलंही नाही.

बुधवार, २१ मार्च

आज जे बघितलं ते लिहिताना मन ताळ्यावर नाही.

सेल हाऊसमधला मारोती नावाचा ऑपरेटर गेला आठवडाभर येत नाही, म्हणून त्याची रजा शोधायला मी मस्टर काढलं. त्याची सही बघितली. मुंगी. शाईतली मुंगी. माळकरी आहे मारोती, चहासुद्धा पीत नाही.

मग मागची पानं उघडली. गेल्या वर्षाची, त्याच्या आधीच्या वर्षाची, पार ऐंशी सालापर्यंत. फक्त सेल हाऊसचे अकरा जण. ऐंशी सालात अकराही सह्या स्वच्छ, बाजीरावची तर मोत्यासारखी. ब्याऐंशीपासून थरथरायला लागतात. आधी भगवान, मग बाजीराव, मग एकेक. आता, भगवानची शेवटची धरून, अकरांतल्या सात सह्या वाचता येत नाहीत. पॅकिंग, बॉयलर, स्टोअर्स, सगळ्या खात्यांची पानं काढून बघितली. कुठेही असं नाही.

हे मस्टर रोज माझ्याच टेबलावरून जातं. रोज मीच खाली टिक करतो.

दुपारी डबा तसाच परत आणला. वैजयंतीने विचारलं तेव्हा सगळं सांगितलं, त्या कागदासकट. तिने भरलेला डबा उघडून ताटात रिकामा केला. मग म्हणाली, “उद्या त्याच्याकडे जा. मला नको सांगूस, त्याला सांग.”

रविवार, २५ मार्च

तीन दिवस धीर झाला नाही, आज गेलो. भगवान झोपला होता. गिरजाने ओट्यावर बसायला सांगितलं. तिने त्याला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, कामावर पारा आहे का? लघवीत पारा निघाला. मूत्रपिंडं खराब होत चाललीत, मज्जातंतूंचं जे गेलंय ते बहुधा परत येणार नाही. आठवणही कमी-जास्त होईल. ती हे सगळं पाठ केल्यासारखं सांगत होती.

“पारा कुठून गेला अंगात?” मी मूर्खासारखं विचारलं.

“वाफ असती म्हणे. दिसत नाही. उन्हाळ्यात जास्ती. सांडलेला पारा हे लोक झाडूनं गोळा करायचे. कपड्याला लागून घरी यायचा.” मग म्हणाली, “कंपनी म्हणती दारू. कुणीतरी लिहून दिलंय. ज्यानं दिलं त्याच्या घरात असंच होऊ दे.”

मी ओट्यावरून उठलो. म्हणालो, “गिरजाबाई, ते मी दिलंय.”

तिने माझ्याकडे बघितलं. ओरडली नाही, हेच जड गेलं. म्हणाली, “मग तुमीच फिरवा ते.” आणि दार लोटून घेतलं.

शनिवार, ७ एप्रिल

लेबर ऑफिसात गिरजासोबत गेलो. हॉस्पिटलचा कागद तिचा, मस्टरच्या सह्यांची नक्कल माझी. वर पातळ कागद ठेवून तारखेवार गिरवून काढायला चौदा दिवस लागले. नवा जबाब लिहून दिला: दारूचं मला काहीही माहीत नव्हतं, अंदाज होता, तो खोटा होता.

अधिकाऱ्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले. “टिपणीस, दोन्हीवर सही तुमचीच. पहिला खरा की दुसरा?”

“दुसरा.”

“पहिल्या वेळीसुद्धा तुम्ही असंच सांगितलं असतं.”

गिरजा म्हणाली, “साहेब, त्या सह्या बघा ना. त्या कुणी शिकवून केल्यात का?” त्याने बघितल्या. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बघितल्या. केस घेतली. किती वर्षं चालेल ते सांगता येत नाही म्हणाला.

मंगळवार, १७ एप्रिल

माझी बदली. टाइम ऑफिसातून उचलून गोडाऊनला. कार्यालयीन कागद बाहेर नेल्याबद्दल मेमो. कँटीनमध्ये साहेब लोकांच्या टेबलावरचे उठून गेले. बाजीराव आपली थाळी घेऊन समोर येऊन बसला. त्याचा चमचा थाळीवर वाजत होता.

शुक्रवार, १५ जून

रेकॉर्ड आली. पाच प्रती. वैजयंतीने वरचं पाकीट फोडलं नाही, मीही नाही. मारोती गेल्या आठवड्यात वारला.

रविवार, ८ जुलै

जयप्रकाशचा रेकॉर्ड प्लेअर घेऊन आम्ही दोघे बोनकोड्याला गेलो. गिरजानेच निरोप पाठवला होता: “ते रोज विचारतात.” माझ्याशी ती अजून मोजकंच बोलते, पण घरात घेते.

मी ठरवून गेलो होतो की आधी भगवानला एकट्याला सगळं सांगायचं. पण खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. भगवानची आई भिमाबाई गावाहून आली होती. शेवंताबाई, तिच्या सुना, शेजारचे, सगळे जमलेले. कव्हर हातोहात फिरत होतं, फोटोतल्या भगवानवर बोटं टेकत होती. तो खुर्चीवर बसलेला, अंगावर इस्त्रीचा सदरा. हात मांडीखाली दाबून ठेवलेले, हलू नयेत म्हणून.

रेकॉर्ड सुरू झाली. भिमाबाईंनी विचारलं, “यात माझ्या लेकाचं कोनतं?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. जयप्रकाशने मान खाली घातली.

“तो खालचा, जाड आवाज आहे ना,” मी म्हणालो, “तो.”

मग सगळी खोली त्या आवाजाकडे कान लावून बसली. भिमाबाईंनी डोळे मिटले. शेवंताबाई म्हणाली, “खाडीन होरीचा इंजिन वाजतो ना लांबशी, तसा हाय.” गिरजा भिंतीला टेकून ऐकत होती. गेल्या वर्षभरात मी तिला हसताना पहिल्यांदा बघितलं. भगवानच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. डॉक्टरीणबाई आठवणीबद्दल बोलल्या होत्या, तेच खरं असावं, त्याला काही आठवत नसावं, अशी मी मनात आशा करत होतो. असली आशा केली हेही लिहून ठेवतो.

पहिली बाजू संपल्यावर बायका चहाला उठल्या, पुरुष ओट्यावर गेले. भगवानने मला जवळ बोलावलं. आता त्याचे शब्द एकेक करून येतात.

“भाऊ, कोण हाय तो?”

मी त्याच्या पायाशी जमिनीवर बसलो. “सुधीर. सिनेमात वाजवतो.”

“हात स्वच्छ हाय.” थोडं थांबला. “‘पाळी’त घाई करतो. तिथं माणूस दमलेला पायजे. सुटलेला असतो ना कामावरून.”

“हो.”

“माझं कुठाय?”

“पुसलं,” मी म्हणालो. “मीच पुसायला लावलं. भगवान, आणि त्या दिवशी मी तुझ्या वडिलांवरून...”

त्याने मान हलवली. ऐकायचं नव्हतं, की माफ केलं होतं, की नुसताच हलत होता, मला कळलं नाही. मला विचारायचाही हक्क नव्हता. तो म्हणाला, “गिरजीला सांगू नका. आईला पन नको.”

मी म्हटलं, “मी आज सगळं सांगायलाच आलो होतो.”

“ते तुमच्यासाठी,” तो म्हणाला. “हे त्यांच्यासाठी हाय.”

चहा आला. गिरजाने त्याला लोट्याने पाजला, पदराने हनुवटी पुसली. मग मला म्हणाली, “दुसरी बाजू लावा की.” मी उठलो आणि लावली. ती संपली तेव्हा कोणीतरी म्हणालं, पहिली परत. मी परत लावली. माझ्या हातांना काही झालेलं नाही, सुई बरोबर कडेला टेकते.

‘पाळी’ चालू असताना शेवंताबाईचा मुलगा कान्हा ड्युटीवरून आला आणि दारातच उभा राहिला. “ह्या काय वाजतंय?” भिमाबाईंनी त्याला हाताने आत ओढलं, गप्प केलं, आणि पेटीकडे बोट दाखवलं. “ऐक. तो जाडा आवाज. माजा भगवान हाय.”

कान्हाने भगवानकडे बघितलं. “खरं काय रं? तू हायस?”

खोलीतले सगळे बघत होते. भगवानने मांडीखालून एक हात काढला आणि थरथरतो तसा थरथरू दिला.

“व्हय,” तो म्हणाला. “मीच.”